माहितीचा पाऊस आणि कोरडी विहीर

तलासरी-डहाणूच्या परिसरात मृगापासून आश्विनापर्यंत पाऊस असा कोसळतो की, अवर्षणग्रस्त महाराष्ट्राने त्याचा हेवा करावा. तरीही चैत्र सरता सरता याच परिसरातील अनेक पाड्यांवर बायाबापड्या आटलेल्या विहिरीच्या तळाशी वाटीवाटीने हंडा भरताना दिसतात. हे कोडे फारसे गूढ नाही. उतारावरून पाणी धावते. त्याला अडविणारा बांध नसतो, मुरविणारी जमीन उघडीबोडकी झालेली असते. आणि आभाळाने जे मुक्तहस्ते दिले ते चार महिन्यांत समुद्राला मिळते. पाण्याची टंचाई ही प्रत्येक वेळी पावसाची टंचाई असतेच असे नाही.

माहितीच्या बाबतीत आज आपली स्थिती अशीच झाली आहे. वापी, भिलाड, उंबरगाव येथील कारखान्यांतून सायंकाळी परतणाऱ्या एखाद्या तरुणाशी बोलून पाहावे. युक्रेनमधील युद्ध, क्रिकेटपटूंचे लिलाव, कुठल्याशा नटनटीचा विवाह या सर्वांविषयी त्याला पुष्कळ काही ठाऊक असते. परंतु आपल्या पाड्यावरच्या अंगणवाडीत या आठवड्यात किती दिवस आहार शिजला, गेल्या ग्रामसभेने कोणते ठराव केले, वनहक्काचा आपल्या घरचा दावा कोणत्या कचेरीत अडकला आहे, असे विचारले की तो गप्प होतो. हा दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे, आळसाचाही नव्हे. दूरची माहिती त्याच्या अंगावर कोसळते आहे आणि जवळची माहिती त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. असे का व्हावे, याचा विचार केवळ नीतीच्या दृष्टीने न करता अर्थशास्त्राच्या दृष्टीने केला, तर काही गोष्टी अधिक स्पष्ट होतात.

अवधानाची किंमत

२०१४ साली आपल्या देशात एक जीबी डेटासाठी सरासरी २६९ रुपयांच्या आसपास मोजावे लागत. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, दरयुद्ध भडकले आणि पुढील काही वर्षांत हाच दर नऊ-दहा रुपयांवर आला. दरडोई वापर आता महिन्याला वीस जीबीच्या घरात पोहोचला आहे. किंमत घटली की मागणी वाढते, हा नियम अकरावीच्या विद्यार्थ्यालाही पाठ असतो. परंतु त्याच पुस्तकात पुढे पूरक वस्तूंचा धडा असतो, तो आपण विसरतो. चहा स्वस्त झाला की साखरेची मागणी वाढते. आणि साखरेचा पुरवठा वाढू शकत नसेल तर साखर महाग होते. माहितीबरोबर खपणारी पूरक वस्तू म्हणजे माणसाचे अवधान. दिवसाचे तास चोवीसच आहेत. त्यातले झोपेचे, मजुरीचे आणि एस.टी.ची वाट पाहण्याचे वजा केले तर हाती उरतात दोन किंवा तीन. माहिती जवळजवळ फुकट झाली, त्या क्षणी हे दोन-तीन तास घरातील सर्वांत मोलाची वस्तू बनले.

अमेरिकन विचारवंत हर्बर्ट सायमन यांनी हे १९७१ साली, मोबाईलचा मागमूसही नसताना, मांडून ठेवले होते. माहिती जे गिळते ते वाचणाऱ्याचे अवधान; म्हणून माहितीची सुबत्ता वाढेल तसतसे अवधानाचे दारिद्र्य वाढेल, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय. १९७८ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सायमन यांना जे तर्काने दिसले त्यावर आज अवाढव्य कंपन्यांचा व्यवहार उभा आहे. या कंपन्या आपल्याला चित्रफिती फुकट दाखवितात, कारण त्यांच्या दुकानातील विक्रीचा माल चित्रफीत हा नसून आपले अवधान हा आहे आणि गिऱ्हाईक आहे जाहिरातदार. या सौद्यात विकणाऱ्याला आपण काही विकत आहोत याचाच पत्ता नसतो. ज्या भागाने सावकाराच्या कोऱ्या कागदावरचे अंगठे पाहिले आहेत, त्या भागाला हा व्यवहार अगदीच अपरिचित वाटू नये.

‘असर’च्या २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील चौदा ते सोळा वयाच्या सुमारे ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी मुले सुमारे ५७ टक्के आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारी सुमारे ७६ टक्के. ही आकडेवारी वाचून मुलांना दोष देण्याची घाई करू नये. बहुतेक घरांत त्यांची आईवडिलांशी स्पर्धाच चाललेली असते.

दूरचे स्वस्त, जवळचे महाग

दूरची माहिती विपुल आणि जवळची दुर्मिळ का, याचे उत्तर उत्पादनखर्चात आहे. एखादी चित्रफीत तयार करण्यास एकदाच खर्च येतो. ती एकाने पाहिली काय किंवा कोटी लोकांनी पाहिली काय, वाढीव खर्च नगण्य. साहजिकच जी बातमी कोटींना पुरेल तीच बनविणे किफायतशीर ठरते. उलट, आपल्या पाड्यावरच्या हातपंपाच्या बातमीला गिऱ्हाइके दोनशे. ती गोळा करण्याचे श्रम मात्र तेवढेच. बाजाराच्या हिशेबाने ती बातमी तोट्याची, म्हणून ती कोणी बनवीत नाही. त्या दोनशे माणसांच्या दृष्टीने जगातील कोणत्याही बातमीपेक्षा तिचे मोल अधिक आहे, ही गोष्ट बाजाराच्या तराजूत मावत नाही.

फ्रिडरिश हायेक यांनी १९४५ साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात विशिष्ट स्थळाच्या आणि वेळेच्या ज्ञानाचे महत्त्व सांगितले होते. हे ज्ञान कोणत्याही एका केंद्राकडे एकवटता येत नाही. ते त्या त्या ठिकाणच्या माणसांत विखुरलेले असते. हायेक हे मुक्त बाजारपेठेचे कट्टर पुरस्कर्ते. लाल बावट्याच्या तालुक्यात त्यांचे नाव घेणे काहींना विचित्र वाटेल. परंतु कोणत्या ओहोळाला कधी पूर येतो, कोणत्या घरातील माणसे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि त्यांच्या मुलांची शाळा कोठे तुटते, हे ज्ञान मुंबई-दिल्लीत नसते, पाड्यावरच असते, हे त्यांच्या विरोधकांनाही मान्य व्हावे. आजची अडचण अशी की, ज्याच्याजवळ हे ज्ञान आहे त्याचे लक्षच त्यावर राहिलेले नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार सुमारे दीड लाख लोकवस्तीचा तलासरी हा तालुका पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येतो. १९९६ च्या ‘पेसा’ कायद्याने आणि त्याखालील महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनी येथील ग्रामसभांना गौण वनोपज, जलसाठे, जमिनीचे हस्तांतरण अशा विषयांत अधिकार दिले. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या निधीतील पाच टक्के रक्कम अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट मिळते आणि ती कशावर खर्चावी हे ग्रामसभेने ठरवावयाचे असते. एवढा अधिकार ज्या सभेच्या हाती, त्या सभेला गणसंख्येसाठी माणसे गोळा करावी लागत असतील, तर तो अधिकार कोणी हिरावून घेण्याची गरज उरत नाही. त्याकडे लक्ष नसले म्हणजे पुरे.

२०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडी आणि आसपासच्या गावांना भूकंपाचे धक्के बसू लागले, तो अनुभव येथे आठवावा. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. ऐन थंडीत कुटुंबेच्या कुटुंबे उघड्यावर आणि तंबूंत झोपली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने येथे नोंदणीयंत्रे बसविली. अशा वेळी माणसाला खरोखर कोणती माहिती हवी असते? आपले घर राहण्याजोगे आहे काय, ते कोण तपासणार, भिंतीला पडलेल्या भेगेची नोंद कोठे करायची, शेजारच्या म्हातारीला रात्री बाहेर कोण आणणार. भूकंपाचा दिवस आणि घटका आधी सांगणे शास्त्राला आजही शक्य नाही. म्हणून असा मुहूर्त सांगणारा कोणताही संदेश खोटाच समजावा. परंतु भेदरलेल्या मनाला खोटा मुहूर्तसुद्धा माहितीसारखा वाटतो आणि वरच्या चार साध्या प्रश्नांसाठी लागणारे अवधान तोच खाऊन टाकतो.

तलवाडा ते गडचिंचले

हायेक यांचा निबंध प्रसिद्ध झाला त्याच १९४५ साली या भागात एक निराळाच अध्याय घडत होता. २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारली शेतकऱ्यांची परिषद भरली. वेठ करायची नाही, बारा आणे रोज मिळाल्याखेरीज काम करायचे नाही, असे निर्धार तेथे झाले. शामराव व गोदावरी परुळेकर यांनी उभ्या केलेल्या त्या चळवळीजवळ वृत्तपत्र नव्हते, तार नव्हती. निरोप पाड्यावरून पाड्यावर पायी जाई. सांगणारा माणूस ओळखीचा असे, ऐकणारा त्याला उलट प्रश्न विचारू शके, आणि निरोपातून करावयाची कृती स्पष्ट असे. वेठ ही ईश्वरी योजना नसून तो अन्याय आहे, ही एकच बातमी. परंतु तिने शतकाचे जोखड सैल केले.

याच इतिहासाची दुसरी बाजूही विसरता कामा नये. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे हजारो वारली जमले. सभा आहे, गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे, अशी हूल जमीनदारांच्या बाजूने उठविण्यात आली आणि दुसरीकडे हा जमाव हल्ल्यासाठी आला आहे असे पोलिसांना भासविण्यात आले, असे किसान सभेच्या इतिहासात नमूद आहे. गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्यांचे चार साथी त्यात मरण पावले. खोटी बातमी माणसे मारते, हे आमच्या भागाने मोबाईल येण्यापूर्वी कितीतरी वर्षे रक्त देऊन शिकले आहे.

आणि तरीही १६ एप्रिल २०२० ची रात्र उजाडली. टाळेबंदीचे दिवस, मुले पळविणाऱ्या, अवयव काढून नेणाऱ्या टोळ्या हिंडत असल्याच्या अफवांनी भेदरलेली गावे रात्ररात्र पहारे देत होती. डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशी तीन निरपराध माणसे जमावाच्या हातून ठार झाली. त्याआधी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षुकीसाठी आलेल्या भटक्या जमातीच्या पाच जणांना अशाच अफवेपायी लोकांनी ठेचून मारले होते. राईनपाड्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यास मज्जाव केला. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ही मर्यादा एकावर आणली.

या उपायामागचे तत्त्व ध्यानात घेण्यासारखे आहे. अफवा पुढे ढकलणाऱ्याला त्याबद्दल काहीच किंमत मोजावी लागत नाही. ती मोजतो तिसराच कोणी. कारखान्याने आपली घाण नदीत सोडावी आणि खालच्या गावाने आजारी पडावे, त्यातलाच हा प्रकार. अशा ठिकाणी प्रवाहात थोडा अडथळा निर्माण करणे हे दडपशाहीचे नव्हे, शहाणपणाचे लक्षण असते. १९४५ सालच्या निरोप्याच्या पायांना लागणारा वेळ हाच त्या काळचा अडथळा होता. त्या वेळात शंका विचारता येत असे. तलवाड्यात तो वेळच मिळू दिला गेला नाही. आज तर कोणालाच तो मिळत नाही.

एक रास्त आक्षेप

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अज्ञानात ठेवून लुबाडण्यात आले, त्याच्या मुलांना आता जगाकडे पाठ फिरवून पाड्यात रमण्याचा उपदेश करणे म्हणजे जुन्या जमीनदाराचेच काम नव्या भाषेत करणे नव्हे काय? शिष्यवृत्तीचा अर्ज, नोकरभरतीची जाहिरात, सातबाऱ्याचा उतारा हे सारे आज मोबाईलवरच मिळते. वसई-विरारकडच्या बांधकामावर किंवा गुजरातच्या बोटीवर गेलेल्या माणसाच्या दृष्टीने तर मोबाईल म्हणजेच घर. लेकराचा आवाज त्याला त्यातूनच ऐकू येतो.

हे सर्व मान्य करूनच पुढे जावे लागेल. प्रश्न जग की पाडा असा नाहीच. माहिती मिळविण्यास जो वेळ आणि जे श्रम लागतात त्यांच्या मानाने लाभ उरेनासा झाला की शोध थांबवावा, असे अर्थशास्त्र सांगते. झरीच्या परिषदेतील बातमी दूरच्या जगाचीच होती, पण ती ऐकून दुसऱ्या दिवशीची कृती बदलली. ज्या माहितीने उद्याच्या आपल्या एकाही कृतीत फरक पडत नाही आणि जी शेजाऱ्याविषयी केवळ भीती वा तिरस्कार वाढविते, ती अंगावरून वाहून जाऊ द्यावी. जी कृती घडविते ती, मग जगाच्या कोणत्याही टोकाची असो, अडवावी आणि मुरवावी.

जवळून दूर जाण्याचा हा मार्ग आपल्याच परिसरात एकदा यशस्वीपणे चोखाळला गेला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी तेथे आपले उर्वरित आयुष्य वाहिले. शिंपले, बिया, खडे, पाने हीच त्यांची शैक्षणिक साधने. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच कुरणावर नेली, तीच कुरणशाळा. मुलाचे लक्ष जेथे आहे तेथून आरंभ करावा आणि हळूहळू त्याला अक्षरांपर्यंत, अंकांपर्यंत, जगापर्यंत न्यावे, हे त्यातले सूत्र. आज आपण नेमके उलट करीत आहोत. मुलाला आधी सारे जग दाखवितो. अंगणात काय आहे हे त्याने कधी पाहावे, याची कोणी व्यवस्था केलेली नसते.

भोंग्याचा धडा

‘मी एकटा मोबाईल बाजूला ठेवीन’ हा संकल्प पुष्कळांनी केला आणि मोडला. याचेही कारण मनोबलाच्या अभावात शोधण्यापेक्षा परिस्थितीत शोधावे. मी मोबाईल ठेवून ओट्यावर बसलो आणि बाकी सारी आळी आपापल्या पडद्यात बुडालेली असेल, तर मी बोलू कोणाशी? सर्वांनी एकदम ठेवला तर सर्वांचाच लाभ. एकट्याने ठेवला तर त्याचा तोटा. अशा पेचातून सुटण्यास उपदेश उपयोगी पडत नाही, संकेत उपयोगी पडतो.

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने हा संकेत शोधून काढला. ऑगस्ट २०२२ पासून तेथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. त्याबरोबर घराघरांतील दूरचित्रवाणी संच आणि मोबाईल बंद, ते साडेआठच्या भोंग्यापर्यंत. या दीड तासात मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, एकमेकांशी बोलावे. या निर्णयात गावातील स्त्रियांच्या सभेचा पुढाकार होता, हे विशेष. बेळगावजवळच्या हलगा गावानेही पुढे हाच पायंडा उचलला. याउलट, यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी ग्रामपंचायतीने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदी करण्याचा आणि दोनशे रुपये दंडाचा ठराव केला. हेतू चांगलाच, परंतु बंदी केवळ मुलांवर होती. वडगावचा भोंगा बापालाही लागू होता, आणि मला वाटते, त्याचे सामर्थ्य त्यातच आहे.

तलासरीला हा उपाय जसाच्या तसा लागू पडणार नाही. आमची गावे घट्ट गावठाणाची नाहीत. दहा-दहा पाडे टेकड्यांवर विखुरलेले, एकाचा भोंगा दुसऱ्याला ऐकू यायचा नाही. पाळीच्या कामावरचा मजूर सातला घरी असेलच असे नाही. म्हणून वेळ पाड्यानेच ठरवावी. रोज न जमल्यास आठवड्यातून एक संध्याकाळ, बाजाराचा दिवस सोडून. जेथे अजून तारप्याच्या नादावर माणसे हाताला हात गुंफून फेर धरतात, तेथे सर्वांनी एकाच वेळी एकाच गोष्टीकडे लक्ष देणे म्हणजे काय, हे बाहेरच्याने येऊन शिकविण्याची आवश्यकता नाही.

शिक्षक, कारकून, विद्यार्थी

मात्र मोकळी केलेली संध्याकाळ रिकामी राहिली तर ती पुन्हा पडद्याकडेच जाईल. तिच्यात जवळची माहिती भरली पाहिजे, आणि ती बाजार पुरविणार नाही हे वर पाहिलेच. ती पुरविणे हे आपल्यासारख्यांचे, म्हणजे ज्यांना वाचता-लिहिता येण्याबद्दल वेतन वा विद्यावेतन मिळते त्यांचे, काम आहे.

माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील चौथे कलम सांगते की, कचेरीने आपली माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता, स्थानिक भाषेत, लोकांपर्यंत पोहोचेल अशा रीतीने स्वतःहून प्रकट करावी. फलकावर किंवा चावडीवर चार ओळी लिहिण्यास अनुदान लागत नाही. निधी किती आला, कोणत्या कामावर लागला, कोणाचा दावा कोणत्या टप्प्यावर आहे, एवढे दरमहा स्वच्छ अक्षरांत लिहिणारा एक कारकून तालुक्यासाठी जे करील ते कोणतीही वृत्तवाहिनी करू शकणार नाही. प्राथमिक शिक्षकाने परिपाठात राज्याच्या आणि देशाच्या बातम्यांबरोबर मुलांकडून पाड्याची एक बातमी रोज सांगून घ्यावी. ती खरी आहे हे कशावरून, हा प्रश्न मात्र प्रत्येक वेळी विचारावा. अफवेवरची लस यापेक्षा निराळी नाही. आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्याने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या प्रथेने ठरलेल्या ग्रामसभेच्या चार दिवशी सुट्टीचा संदेश इतरांना पाठविण्याऐवजी सभेत जाऊन बसावे, इतिवृत्त वाचून पाहावे, आणि जे न येऊ शकले त्यांना रात्री घरी जाऊन सांगावे.

यातले एकही काम मोठे नाही. परंतु झरीला जमलेल्या माणसांजवळ माहितीचा एकच थेंब होता आणि तो त्यांनी वाया जाऊ दिला नाही. आपल्यावर मुसळधार बरसते आहे. पावसाला दोष देऊन किंवा दार लावून विहिरीला पाणी लागत नाही. त्यासाठी पाड्यातील माणसांनी मिळून उतारावर बांध घालावा लागतो, आणि तो घालण्याची वेळ पाऊस चालू असतानाचीच असते.